मोठ्या टायरचे देणे

अमेरिकेत 'पिकअप' नावाची एक गाडी घरोघरी आढळते. पुढे दोन-चार माणसे बसतील अशी बंद खोली आणि मागे उघडा हौदा, असा तिचा आकार. मालमोटार आणि घरची मोटार यांच्या मधली ही जात म्हणावयाची. शेतकरी तिच्यातून गवताचे भारे नेतो, सुतार फळ्या नेतो, आणि ज्याला काहीच न्यावयाचे नसते असा कारकूनही ती हौसेने बाळगतो. या गाडीच्या मालकांत एक प्रघात फार रूढ आहे. कारखान्यातून आलेले टायर उतरवावयाचे आणि त्यांच्या जागी मोठे टायर चढवावयाचे. ३१ इंच व्यासाच्या जागी ३५ इंच व्यासाचे टायर ही तर तिकडे नित्याचीच उडी.

ही हौस केवळ रुबाबाची आहे असे म्हटल्यास अन्याय होईल. युटा राज्यात मोआब गावाभोवती तांबड्या वालुकाश्माचा खडकाळ प्रदेश आहे. तेथे पायऱ्यांसारखे कंगोरे चढून गाडी न्यावी लागते. लहान चाक कंगोऱ्याशी अडून बसते, मोठे चाक त्यावर चढून जाते. व्यास ४ इंचांनी वाढला म्हणजे आस २ इंचांनी, सुमारे ५ सेंटिमीटरांनी, वर उचलला जातो, आणि आसाच्या मध्यभागी जो लोखंडी गोळा लोंबत असतो तो दगडावर आपटण्यातून वाचतो. बर्फात नि चिखलात हवा कमी केलेला मोठा टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो आणि रुतत नाही. हे लाभ खरे आहेत. परंतु टायर चढवून गाडी घराकडे निघाली, की कालपर्यंत चपळ असलेले जनावर आज जड झाले आहे हे मालकाच्या ध्यानात येते. चौकातून निघताना गाडी रेंगाळते. चढावर गिअरबॉक्स सारखा एक गिअर सोडून दुसरा धरीत राहतो. समोरून वारा असला तर वरचा गिअर टिकतच नाही. मालक प्रथम इंजिनावर संशय घेतो, प्लग बदलतो, एअर फिल्टर झाडतो. दोष तेथे नसतोच.

श्रोत्यांनी येथे बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणावे. ते चांगले उंच असते, आणि जितके उंच तितके बैलांना सुखाचे. मग मोटारीलाच मोठे चाक का जड जावे? उत्तर सोपे आहे. बैल गाडीला पुढून ओढतात; चाक आपोआप, जमिनीच्या घर्षणाने फिरते. चाकाला फिरविण्याचे काम बैलांकडे नाही. मोटारीत सारे उलट आहे. तेथे जोर बाहेरून येत नाही, तो चाकाच्या मध्यातून, आसातून येतो, आणि आसाने चाक पिळून जमिनीला मागे रेटावयाचे असते. मध्यापासून जमीन जितकी दूर, तितका तोच पीळ जमिनीवर कमी जोराने पोहोचतो. लांब दांड्याच्या पळीने जड भांड्यातले पीठ ढवळताना मनगटाला जो ताण पडतो, तोच हा ताण. म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा मोठेपणा हा निव्वळ लाभ, तर मोटारीच्या चाकाचा मोठेपणा हे कर्ज. ३१ वरून ३५ इंचांवर गेल्यास जमिनीवरील रेटा सुमारे एक नवमांशाने घटतो. इंजिनाची अश्वशक्ती तीच राहते. तिचा हात तेवढा आखूड होतो.

हे कर्ज फेडण्याची जागा मागच्या आसातल्या त्या लोखंडी गोळ्यात आहे. इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने मागे येतो. दांड्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, ते पिनियन. ते बशीएवढ्या एका मोठ्या दंतचक्राला फिरविते, ते क्राऊन. आपल्याकडचे मेस्त्री या जोडीला 'क्राऊन-पिनियन' असे एका दमात म्हणतात. या जोडीची दोन कामे आहेत: लांबीच्या दिशेने आलेले फिरणे काटकोनात वळवून चाकांकडे देणे, आणि वेग कमी करून पीळ वाढविणे. पिनियनला ११ दात आणि क्राऊनला ३९ दात असतील, तर दांड्याचे सुमारे साडेतीन फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. ३९ ला ११ ने भागल्यास ३.५५ येतात, आणि गॅरेजात त्या गाडीला 'तीन-पंचावन्नची' म्हणतात. ४१ आणि ११ दातांची जोडी ३.७३ ची, ४१ आणि १० ची ४.१० ची, ४१ आणि ९ ची ४.५६ ची. आकडा जितका मोठा तितका पीळ अधिक, आणि तितकेच इंजिनाला अधिक पळावे लागते.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर करणे बरे. या कामाला सर्रास 'डिफरन्शियल बदलणे' असे म्हणतात. खरे डिफरन्शियल हे क्राऊनच्या पोटात बसविलेले लहान दंतचक्रांचे वेगळे यंत्र होय. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा आणि आतल्या चाकाला जवळचा रस्ता कापावा लागतो. तेव्हा दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे त्याचे काम. पेक्योर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले होते. मोटारीच्या जन्माआधी अर्धशतकाहून अधिक काळ ही युक्ती सिद्ध होती, ही गोष्ट नवल करण्यासारखी आहे. टायर मोठे केल्यावर त्या यंत्राच्या दातांना कोणी हात लावीत नाही. बदलावयाची असते ती क्राऊन-पिनियनची जोडी.

आता थोडा हिशेब. ३१ इंची टायरचा परिघ सुमारे २.४७ मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना असे चाक मिनिटाला ६७४ फेरे घेते. गिअरबॉक्स सरळ गिअरमध्ये, म्हणजे एकास एक, आहे असे धरले तर ३.५५ च्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे २३९० फेरे घेईल. ३५ इंची टायरचा परिघ २.७९ मीटर होतो. त्याच वेगाला चाकाचे फेरे ५९७ वर येतात आणि इंजिनाचे २१२० वर. इंजिन हळू फिरते म्हणजे पेट्रोल वाचेल, असे येथे पुष्कळांना वाटते. गाडी रिकामी आणि रस्ता सपाट असेल तर ते थोडेफार खरेही ठरेल. पण इंजिनाची ताकद एका ठराविक गतीच्या टापूत असते. त्या टापूखाली आणून त्याच्याकडून तेच काम मागितले, तर ते कण्हू लागते. चालकाचा पाय आपोआप अधिक दाबला जातो आणि बचत तेथेच संपते.

पूर्वीची स्थिती परत आणावयाची तर ३.५५ ला ३५ ने गुणावे व ३१ ने भागावे. उत्तर येते ४.०१. असे दात कोणी विकत नाही. जवळचा आकडा ४.१० चा. तो घातला की ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे २४५० फेरे घेते, म्हणजे मूळच्याहून किंचित अधिक. हे किंचित अधिक असणे चांगलेच. कारण मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो. एकेक चाक कित्येक किलोंनी वाढते, आणि हे वजन फिरते वजन असल्याने गती घेताना दुप्पट जाचते. फोर्ड कंपनीने आपली 'रॅप्टर' ही पिकअप ३५ इंची टायरांवर बाजारात आणली तेव्हा तिच्या आसात ४.१० चेच दात होते, आणि तिच्या साध्या भावंडांत ३.५५ किंवा त्याच्या आसपासचे. कारखान्यातल्या अभियंत्यांनीही हाच त्रैराशिकाचा हिशेब मांडला असला पाहिजे.

हे सारे आकडे कागदावर निरुपद्रवी वाटतात. ते अंगावर केव्हा येतात हे पाहावयाचे तर कोलोराडो राज्यात जावे. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. तेथून पश्चिमेला निघणारा ७० क्रमांकाचा महामार्ग रॉकी पर्वत चढत आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फुटांवर पोहोचतो. बोगद्याची पहिली नळी १९७३ साली उघडली, दुसरी १९७९ साली. या वाटेवर शंभरास सहा-सात असे चढ आहेत. हवा इतकी विरळ होते, की टर्बो नसलेल्या इंजिनाची सुमारे तीन दशांश ताकद नुसत्या उंचीनेच नाहीशी होते. अशा ठिकाणी मागे नावेचा किंवा राहुटीचा गाडा जोडलेली, ३५ इंची टायरांची पण ३.५५ च्याच दातांची पिकअप चढू लागली म्हणजे काय होते? स्वयंचलित गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचे तेलाने भरलेले भांडे असते. जोर पुरत नाही तेव्हा त्यातले तेल घुसळत राहते आणि ती सारी घुसळण उष्णता होऊन गिअरबॉक्समध्ये उतरते. तेल जळकट होते, आतल्या क्लचच्या चकत्या झिजतात. रस्त्यात बंद पडलेल्या अशा गाडीचा मालक गिअरबॉक्स बनविणाऱ्या कंपनीला बोल लावतो. पण त्या गिअरबॉक्सवर हे ओझे चढले ते टायर बदलले त्या दिवशी.

चढापेक्षा उतार अधिक गंभीर. बोगद्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, ब्रेक गेलेल्या मालमोटारी घुसवून थांबविण्यासाठी खडीचे उंच चढते पट्टे मुद्दाम करून ठेवले आहेत. ते पाहिले की उताराचा स्वभाव कळतो. शहाणा चालक अशा उतारावर खालचा गिअर घालून इंजिनालाच गाडी धरावयास लावतो. परंतु दातांचा जो आकडा चढताना जोर देतो, तोच उतरताना धरून ठेवतो. टायर मोठे करून तो हात आखूड केला, तर इंजिनाची पकडही तितकीच सैल पडते आणि सारा भार ब्रेकवर जातो. दात बदलण्याचे सर्वांत मोठे कारण हेच मानावयास हवे. दुर्दैवाने गप्पांत त्याचा उल्लेख क्वचित होतो. तेथे चर्चा असते ती चौकातून कोण आधी निघाला याची.

वेगदर्शक काट्याचे प्रकरणही याच्याशी जोडलेले आहे. जुन्या गाड्यांत काटा गिअरबॉक्सच्या शेपटीतून फिरत असे. चाक मोठे झाले आणि दात तेच राहिले, तर काटा १०० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ११३ ने धावत असते. दात बदलले की हा फरक बहुतेक भरून निघतो. उरलेल्यासाठी एक लहानसे प्लास्टिकचे दंतचक्र बदलावे लागे. नव्या गाड्यांतली गणकयंत्रे बहुधा चाकाचे फेरे थेट मोजतात, म्हणून त्यांना टायरचा नवा व्यास आणि दातांचा नवा आकडा दोन्ही सांगावे लागतात. न सांगितल्यास गिअर भलत्या वेळी पडतात.

मग मोठ्यात मोठा आकडाच का घालू नये? याचे उत्तर आपल्याकडच्या जीपने दिले आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्ये ४.८८ चे दात होते, आणि तिच्या पुढच्या नागरी अवतारांत ५.३८ चे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळविलेल्या जीपगाड्या याच घराण्यातल्या. सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि लहान टायर. पण दातांच्या बळावर ती घाटात, शेतात, ओढ्यात कोठेही चढे. तीच जीप सपाट हमरस्त्यावर पळवू म्हटले की इंजिन किंचाळू लागे आणि वेग मात्र वाढत नसे. आकडा वाढविणे म्हणजे वेगाच्या मोबदल्यात जोर घेणे. शिवाय आकडा वाढतो तो बहुधा पिनियनचे दात कमी करून, म्हणजे पिनियनचे डोके लहान करून. लहान डोके दुबळे असते. ३५ इंची टायरांवर ४.१० किंवा फार तर ४.५६ इतके पुरते, ५.१३ चे दात घालून मिरविणारे लोक आहेत, पण ते पिनियनच्या आयुष्याशी खेळत असतात. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तीन गिअरांच्या जुन्या गाडीला दात बदलणे जितके अपरिहार्य होते, तितके दहा गिअरांच्या आजच्या गाडीला राहिलेले नाही. तिचा पहिला गिअरच मुळात खोल असतो. टायर एखादाच इंच वाढला असेल आणि ओझे ओढावयाचे नसेल, तर पैसे शिल्लक ठेवावेत हे उत्तम.

कारण हे काम स्वस्त नाही. चारी चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही आस उघडावे लागतात. मागे ४.१० आणि पुढे ३.५५ असे ठेवून कोणी चारी चाके जोडलीच, तर पुढची नि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतील आणि कोरड्या रस्त्यावर काही अंतरातच मधली दंतपेटी किंवा तिची साखळी तुटेल. दोन आसांचे दात, नवी बेअरिंगे आणि मजुरी मिळून होणारा खर्च पुष्कळदा त्या चार टायरांच्या किमतीच्या घरात जातो. त्यातही खाचखळगे आहेत. अमेरिकन पिकअप आणि जीप गाड्यांत फार वापरला गेलेला डेना कंपनीचा ४४ क्रमांकाचा आस घेतला, तर त्यात ३.७३ पर्यंतच्या दातांना एक पिंजरा लागतो आणि ३.९२ च्या पुढच्या दातांना दुसरा. पिनियन लहान झाले की क्राऊनला त्याच्याकडे सरकून बसावे लागते, म्हणून हा भेद. तेव्हा ३.५५ वरून ४.१० वर जाणाऱ्याने दातांबरोबर पिंजराही घ्यावा, किंवा जाड पाठीचे क्राऊन शोधावे. नुसते दात घेऊन गॅरेजात गेलेला मनुष्य हात हलवीत परततो.

प्रत्यक्ष जुळणी हे मात्र कसबी हाताचे काम. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एका जोडीतले क्राऊन दुसऱ्या जोडीतल्या पिनियनला कधी लावू नये. १९२० नंतरच्या दशकात रॉचेस्टर येथील ग्लीसन कारखान्याने हायपॉइड नावाचे दात सिद्ध केले आणि पॅकार्ड मोटारींत ते प्रथम आले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसते. त्यामुळे दांडा खाली गेला, मोटारीचा तळ खाली घेता आला आणि दातही बळकट झाले. पण हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते घसरत जातात. म्हणूनच त्यांना गंधकयुक्त, उग्र वासाचे खास तेल लागते, आणि म्हणूनच त्यांची जागा केसाएवढी चुकली तरी ते आक्रोश करतात.

पिनियन किती आत बसावे हे शिम नावाच्या पातळ चकत्यांनी ठरते. या चकत्या इंचाच्या काही सहस्रांशांच्या असतात. एक चकती कागदाहूनही पातळ असू शकते. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये बहुधा एक चेपून बसणारी नळी असते. नट प्रचंड जोराने आवळीत ती नेमकी चेपावी लागते. थोडी अधिक चेपली गेली तर नट सैल करून भागत नाही. नळी टाकून नवी घालावयाची. मग क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांत जो प्ले ठेवावयाचा तो डायल गेजने मोजतात. तो बहुधा इंचाच्या ६ ते १० सहस्रांश असतो, म्हणजे दोन कागद मावतील एवढा.

एवढे झाले तरी मेस्त्री गेजवर विसंबत नाही. तो क्राऊनच्या दातांना रंगाचा लेप लावतो आणि जोडी फिरवून पाहतो. पूर्वी यासाठी शेंदूर तेलात कालवून लावण्याची रीत होती. आता पिवळे मलम मिळते. जेथे दात दाताला भेटला तेथून रंग पुसला जातो आणि एक लांबट ठसा उमटतो. ठसा दाताच्या मध्यावर असावा. तो शेंड्याकडे गेला तर पिनियन फार बाहेर आहे, मुळाशी गेला तर फार आत आहे. मग सारे पुन्हा उघडावयाचे, बेअरिंग उपसावयाचे, एक चकती घालावयाची किंवा काढावयाची, आणि पुन्हा लेप. असे तीन-चार वेळा होणे ही कामातली ढिलाई समजू नये. पहिल्याच ठशावर समाधान मानणाऱ्या गॅरेजातून बाहेर पडलेली गाडी ताशी ८० किलोमीटरला कुईं करू लागते आणि काही हजार मैलांत दात खाऊन टाकते.

नव्या दातांनीही सारे देणे फिटते असे मात्र नाही. ब्रेकचे पाहावे. ब्रेक चाकाला मध्याशी धरतो. म्हणून पायाने पूर्वीइतकेच दाबले तर जमिनीवरचा रोध मोठ्या टायरमुळे नवव्या हिश्शाने कमीच राहतो, आणि त्याला ४.१० चा काहीही उपयोग होत नाही. चाकांकडे जाणाऱ्या दोन दांड्यांवरही तोच रेटा देताना पीळ वाढलेलाच राहतो. खडकात अडकलेली गाडी झटका देऊन काढू पाहणाऱ्यांचे तेच दांडे तुटतात. गाडीची उंची वाढली ती वाढलीच. वळणावर ती पूर्वीहून लवकर कलते. मोठे टायर घालणाऱ्याने ब्रेक तपासून, लागल्यास वाढवून घ्यावेत, आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर अधिक ठेवावे.

जुळणी पुरी झाल्यावर पहिले पंधरा-वीस मैल गाडी हलक्या पायाने चालवून थंड होऊ द्यावी लागते. नवे दात एकमेकांवर घासून तापतात, आणि त्या तापात ओझे लादले तर त्यांचे पोलाद मऊ पडते. पहिले ५०० मैल गाडा जोडून ओढू नये. त्यानंतर आसाचे झाकण उघडून तेल काढावे. त्या तेलाला चंदेरी झाक असते आणि आतल्या चुंबकावर करड्या लोण्यासारखा थर जमलेला असतो. तो थर दोन बोटांत चोळून पाहावा. मऊ लागला तर झाकण पुसून, नवे तेल भरून गाडी कामाला लावावी. त्यात कणी लागली, तर मात्र त्याच दिवशी आस पुन्हा उघडावा.